कप्प्यातला कॅमेरा

वरच्या मजल्यावरच्या आजींनी कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा ओढला, तेव्हा मला वाटलं आत चादरी असतील. गेले चार शनिवार आम्ही दोघी चादरीच बांधत होतो. चादरी, उशा, एकात एक घालून ठेवलेली चहाची भांडी, दोन खुर्च्या. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांनी ‘शूकात्सू’ सुरू केलंय. या शब्दाचा अर्थ सांगायला इथल्या लोकांना चार वाक्यं लागतात. आपल्याकडे एका शब्दात काम होतं: निरवानिरव. आपल्यामागे कुणाला आवरावं लागू नये म्हणून हयातीतच आपलं आपण आवरून ठेवायचं.

कप्प्यात पाच डिजिटल कॅमेरे होते. प्रत्येक आपापल्या मूळ खोक्यात. खोक्यात माहितीपुस्तिका, पुस्तिकेत दुकानाचा शिक्का मारलेलं हमीपत्र आणि हमीपत्राच्या घडीत बिल. एका खोक्यातली मनगटाला अडकवायची दोरी तर अजून सीलबंद पिशवीत होती.

“यांत फोटो असतील ना?” मी विचारलं.

“नाहीत. मुलीने सगळे उतरवून घेतले. कार्डंही तिच्याकडेच आहेत.”

“मग देऊन टाकायचे का?”

आजींनी उत्तर दिलं नाही. एक खोकं उघडून आतला कॅमेरा बाहेर काढला, ॲप्रनच्या खिशातल्या रुमालाने पुसला, पुन्हा होता तसा ठेवला आणि कप्पा लोटला. “हे पुढच्या शनिवारी बघू.”

आम्ही तोक्योच्या निशिकासाई भागात राहतो. या जूनमध्ये सात वर्षं होतील. नवरा इथल्या एका कंपनीत संगणकाचं काम करतो, मुलगा जवळच्याच जपानी शाळेत तिसरीत आहे. आजी मला नावाने हाक मारत नाहीत. इथल्या रीतीप्रमाणे मुलाचं नाव घेऊन ‘त्याची आई’ म्हणतात, अगदी आपल्याकडे चाळीत म्हणायचे तसं. खाली घरी आले तरी तो कप्पा डोक्यातून जाईना. फोटो काढून घेतलेला कॅमेरा म्हणजे रिकामं भांडं. वापरात नाही, किंमत येत नाही, आणि तरी भाताच्या पेल्यांच्या आधी निघायला हवा होता तो शेवटपर्यंत राहिलाय. का?

जपान सरकार दर वर्षी मार्चअखेर घराघरांतल्या टिकाऊ वस्तूंची पाहणी करतं. फ्रीज, एअरकंडिशनर, गाडी यांच्याबरोबर त्या यादीत डिजिटल कॅमेराही असतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत, एकटं राहणाऱ्यांना सोडलं तर, दर चार घरांपैकी तीन घरांत तो होता. गंमत म्हणजे त्याच काळात दुकानांतला कॅमेरा ओसरायला लागला होता. २०१० साली जगभर मिळून १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. फोनने कॅमेरा गिळला, असं सगळे म्हणतात आणि विक्रीपुरतं ते खरंच आहे. पण त्या सरकारी पाहणीतला प्रश्न ‘घेतला का’ किंवा ‘वापरता का’ असा नसतो. ‘घरात आहे का’ असा असतो. आजींसारख्या लाखो घरांचं उत्तर कितीतरी वर्षं ‘आहे’ असंच राहिलं. मला हे ‘आहे’ समजून घ्यायचं होतं.

खरं तर फोनमध्ये कॅमेरा घालण्याच्या कामात जपान जगाच्या फार पुढे होता. १९९५ साली कॅसिओने क्यूव्ही-१० हा डिजिटल कॅमेरा काढला: ६५ हजार येन, जेमतेम अडीच लाख पिक्सेल, पण पाठीवर इवलासा पडदा. काढलेला फोटो तिथल्या तिथे बघता येतो, ही गोष्ट सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा आली ती त्याने. लगेच पाच वर्षांनी, नोव्हेंबर २००० मध्ये, शार्पने जे-फोन कंपनीसाठी मागच्या बाजूला कॅमेरा असलेला मोबाइल बाजारात आणला. भिंगाशेजारी एक बारीक आरसा होता, स्वतःचा चेहरा चौकटीत बसवायला. काढलेला फोटो मेलने पाठवायचा, त्याला नाव पडलं ‘शा-मेल’. आपण भारतात रोल धुवायला टाकत होतो, तेव्हा इथल्या शाळकरी मुली लोकलमध्ये बसून एकमेकींना फोटो पाठवत होत्या. म्हणजे ‘फोनमध्ये कॅमेरा आहे’ हे या लोकांना पाव शतक ठाऊक आहे. तरीही त्यांनी वेगळे कॅमेरे घेतले, जपले, कप्प्यात ठेवले.

ते कशासाठी, हे मला शाळेच्या मैदानावर कळायला लागलं.

उंदोकाई म्हणजे शाळेचा क्रीडादिवस. पूर्वी बहुतेक शाळांत तो शरद ऋतूत असे, आता पुष्कळ ठिकाणी मेमध्ये होतो. मुलगा पहिलीत असताना आम्ही दोघं साडेआठला आरामात पोचलो, तर मैदानाची दोरी कुठे दिसेचना. निळ्या ताडपत्र्या पसरून आईबाप सकाळी लवकर येऊन जागा धरून बसले होते. आणि दोरीला लागून कॅमेऱ्यांची रांग. कुणाचं भिंग हाताएवढं लांब, कुणाचा जुनाच कॅमेरा पण पट्टा नवा. आम्ही फोन काढला. सत्तर मीटरवर, एकाच रंगाच्या टोप्या घातलेल्या साठ मुलांतला आपला कोणता, हे फोनच्या पडद्यावर ओळखू येईना. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी, मी काही न बोलता, मुलाचा धावपट्टीवरचा क्रमांक विचारला. शर्यत संपल्यावर कॅमेऱ्याच्या पाठीवर त्यांनी मला माझा मुलगा दाखवला. टोपी उडालेली, जीभ दातांत धरलेली, एक पाय हवेत. रात्री तो फोटो आला, सोबत दोन ओळी: दुसऱ्या कुणाची मुलं दिसणार नाहीत असा कापून पाठवतोय, चालेल ना?

या बाजाराची नाडी कॅननने फार आधी ओळखली होती. १९९३ मध्ये त्यांनी एक हलका, सोपा एसएलआर, म्हणजे भिंग बदलता येणारा रोलचा कॅमेरा, काढला आणि जपानपुरतं त्याला नाव दिलं ‘किस’. लहान मुलांच्या आया डोळ्यांसमोर ठेवून. २००३ मध्ये त्याचा डिजिटल अवतार आला, ६३ लाख पिक्सेलचा, आणि तो हजारो घरांतला पहिला ‘डेजि-इची’ ठरला. भिंग बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला इथले लोक असंच म्हणतात. परदेशांत तो वेगवेगळ्या, भारदस्त किंवा नुसत्या आकड्यांच्या नावांनी विकला गेला. इथे मात्र नावातच पापा. मूल झालं की कॅमेरा घ्यायचा, हा जपानी घरातला क्रम त्या नावाने पक्का केला असं मला वाटतं. एप्रिलमध्ये चेरीच्या बहरात शाळाप्रवेशाचा समारंभ, फाटकापाशी लावलेल्या पाटीजवळ फोटोसाठी आईबापांची शिस्तीतली रांग. नोव्हेंबरात ‘शिची-गो-सान’, तीन-पाच-सात वर्षांच्या मुलांना किमोनो नेसवून देवळात नेण्याचा दिवस. या दिवसांना फोनवर भागवणारे घरोघरी आहेतच. पण ज्यांच्याकडे कॅमेरा आहे ते तो त्या दिवशी आठवणीने चार्ज करतात. आपण सणाला कपाटातली चांदीची भांडी काढतो त्यातलाच प्रकार. रोजच्या ताटात जेवण होतंच. पण आज वेगळा दिवस आहे, हे त्या भांड्यांनी कळतं.

हे लिहिताना मला बाबांचा कॅमेरा आठवल्याशिवाय राहत नाही.

रत्नागिरीच्या आमच्या घरात, लोखंडी कपाटात, आईच्या लग्नातल्या शालूशेजारी बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ असे. बोटीवर नोकरीला असलेल्या एका काकांनी तो आणला होता. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावला की उजेड कमी असेल तर पिवळा दिवा, जास्त असेल तर तांबडा. आम्हा भावंडांना तो दिवा बघायला मिळणं हेच बक्षीस होतं. छत्तीसचा एक रोल गणपतीत सुरू होई आणि कधी कधी शिमग्याला संपे. दसऱ्याला पाटी-पुस्तकं आणि कोयता-विळीबरोबर बाबा तो पाटावर मांडत, त्यालाही हळदकुंकू आणि आपट्याचं पान. कॅमेऱ्यावर एक सोनेरी लंबगोल चकती चिकटवलेली होती, तिच्यावर ‘पास्ड’ असं इंग्रजीत छापलेलं. ती मी एकदा नखाने खरवडायला गेले तर बाबांनी हात धरला. “ती काढायची नाही. परीक्षा पास झाल्याची आहे ती.” मला ते त्यांचं मुलांना सांगायचं काहीतरी वाटलं होतं.

तोक्योत इचिबानचो भागात कॅमेऱ्यांचं एक संग्रहालय आहे, १९८९ साली उघडलेलं. मुलाला घेऊन गेले होते. काचेमागे शेकडो कॅमेरे, आणि एका कपाटात तीच सोनेरी चकती. युद्धानंतरच्या वर्षांत जपानी माल म्हणजे स्वस्त, नकली, टाकाऊ अशी जगभर ख्याती होती. ती पुसण्यासाठी १९५४ मध्ये कॅमेरे तपासणारी संस्था उभी राहिली. परदेशी जाणारे कॅमेरे तिच्या कसोट्यांना उतरले की त्यांना ही चकती मिळे. हे संग्रहालय त्याच संस्थेचं. बाबा अक्षरशः खरं सांगत होते. आपल्या मालाची लाज वाटू नये म्हणून एका देशाने ज्या चकतीवर इतका जीव लावला, ती बाबांनी रत्नागिरीत आयुष्यभर जपली. मी त्या काचेपुढे बराच वेळ उभी राहिले. मुलगा हात ओढत होता.

दुसरी गोष्ट मला कॅननच्या नावाने शिकवली. या कंपनीच्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्याचं नाव कॅनन नव्हतंच. १९३४ मध्ये रोप्पोंगीतल्या एका छोट्या कार्यशाळेत तो नमुना तयार झाला, त्याचं नाव होतं ‘क्वानोन’, म्हणजे कान्नोन ही करुणेची बौद्ध देवता. आणि भिंगाचं नाव ‘काश्यप’, बुद्धाच्या शिष्याचं. बोधचिन्हात सहस्रभुज कान्नोनचं चित्र होतं. पुढे परदेशांत चालावं म्हणून नाव बदललं. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ हातात धरून मान किंचित कललेला पद्मपाणी तोच, आणि बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत अकरा मुखांचा उभा आहे तोही तोच. ‘अवलोकन’ हा शब्द आपण शाळेच्या निबंधात इतका घासून टाकलाय की त्यातलं ‘बघणं’ आपल्याला दिसत नाही. अवलोकितेश्वर म्हणजे वरून, थांबून, जिवांकडे बघणारा. चिनी भाषेतून जपानीत जाताना त्याच देवाचं नाव झालं ‘आवाज बघणारा’, दुःखी माणसाची हाक ज्याला दिसते तो. कॅमेऱ्याला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

आणि इथेच मला आजींच्या कप्प्याचा पहिला धागा सापडला असं वाटतं. फोनने आपण बघता बघता फोटो काढतो. पावती, पार्किंगचा नंबर, औषधाची पट्टी, मूल, सगळं त्याच हाताने, त्याच मिनिटात. कॅमेरा गळ्यात घातला की माणूस सांगत असतो: आता मी तुझ्याकडेच बघतोय. समोरच्यालाही ते कळतं. इथे या ‘कळण्या’ला फार मान आहे. जपानात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनचा शटरचा आवाज बंद करता येत नाही. तसा कायदा नाही. चोरून फोटो काढले जाऊ नयेत म्हणून कंपन्यांनीच कॅमेरा-फोनच्या आरंभीच्या काळात ही रीत घातली आणि ती टिकली. क्योतोच्या गिओनमध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढाल तर दहा हजार येन, अशा पाट्या २०१९ मध्ये लागल्या. काहींना ही कटकट वाटते. मला नाही वाटत. ज्याचा फोटो निघतोय त्याला ते ठाऊक असावं, एवढंच तर मागणं आहे.

दुसरा धागा दमटपणाचा. कोकणातल्या माणसाला तो लगेच कळेल.

जूनमध्ये इथे ‘त्सुयु’ सुरू होतो, महिना-दीड महिना चालणारा झिमझिम पाऊस. टॉवेल वाळत नाहीत, चपलांना वास येतो, आणि कॅमेऱ्याच्या भिंगात ‘काबी’ धरते. काबी म्हणजे बुरशी. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दोन काचांच्या मध्ये पसरतात; एकदा त्यांनी काचेवरचा लेप खाल्ला की भिंग गेलंच. बाबांच्या याशिकाचं असंच झालं होतं. एका पावसाळ्यात आईच्या आजारपणात कपाट उघडलंच नाही, आणि ऑगस्टात उघडलं तेव्हा भिंग दूध पडल्यासारखं. त्या वेळेपर्यंत त्यात लागणारी पाऱ्याची बॅटरीही मिळेनाशी झाली होती. बाबांनी तो टाकला नाही. दर दसऱ्याला पाटावर येत राहिला.

इथे कॅमेरे ठेवायला वेगळं कपाट मिळतं, काचेच्या दाराचं, आत ओलावा मोजणारा काटा. फोटोचा नाद असलेल्या माणसाच्या खोलीत फ्रीजसारखं ते सतत चालू असतं. ज्याला ते परवडत नाही तो घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात शोषक पुड्या घालतो आणि काटा बघत राहतो. नाद वाढला की लोक हसून म्हणतात, ‘लेन्झु-नुमा’त बुडालो. नुमा म्हणजे दलदल. एका भिंगावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. पण दलदलीत बुडणारी ही माणसं प्रत्येक भिंग कोरडं ठेवतात.

या जपणुकीचं दर्शन घ्यायचं तर नाकानोतल्या किंवा शिंजुकूतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात जावं. मी तिथे तासन् तास काढले आहेत. खरेदी एकदाच केली. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर त्याचे दोष लिहिलेले असतात, ग्राहकाने विचारण्याआधी. ‘भिंगात बारीक धूळ.’ ‘तळाशी ओरखडा, छायाचित्रावर परिणाम नाही.’ ‘रबर किंचित सैल.’ ‘मूळ खोकं आहे.’ मूळ खोकं असलं की भाव चढतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजींची खोकी, पुस्तिका, ती न उघडलेली दोरी ही केवळ टापटीप नव्हती. वस्तू हातात आली त्या दिवसापासून माणूस ती कधीतरी दुसऱ्याच्या हाती जाणार हे धरून चालत होता. मालकी म्हणजे राखण, असा हा हिशेब आहे. गहाणवटीची वस्तू जपावी तशी स्वतःची वस्तू जपायची. आपल्याकडे वाड्यांतले पितळी हंडे असेच पिढ्यांतून उतरत आले. पण विजेवर चालणाऱ्या, पाच वर्षांत जुन्या ठरणाऱ्या यंत्राबद्दल हा भाव मी आधी कुठे पाहिला नव्हता.

अर्थात सगळं जपून ठेवण्यालाही सीमा असते. तोक्यो ऑलिंपिकची पदकं जुन्या यंत्रांतल्या धातूंतून करायचं ठरलं, तेव्हा एप्रिल २०१७ पासून दोन वर्षं लोक मोबाइल, कॅमेरे, संगणक आणून देत होते. सुमारे ७९ हजार टन यंत्रं आणि ६२ लाखांवर मोबाइल जमले. त्यांतून ३२ किलो सोनं निघालं. पदकं सगळी त्यातूनच घडली. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेल्या पदकावरच्या सोन्यात कुणाच्या तरी कप्प्यातला कॅमेरा आहे, असं आम्ही मुलाला सांगितलं आणि तो दिवसभर तेच बोलत होता. आजींना विचारलं, तुम्ही दिला होतात का? “टोस्टर दिला,” त्या म्हणाल्या. “आणि ह्यांचे दोन फोन.” कॅमेरा नाही दिला.

आणि मग ११ मार्च २०११. मी तेव्हा भारतात होते, मला त्या दिवसाचं काहीच प्रत्यक्ष ठाऊक नाही. इथे आल्यावर जे वाचलं, लोकांकडून ऐकलं त्यातलं एक चित्र मनातून जात नाही. त्सुनामी ओसरल्यावर चिखलात शोध घेणारे सैनिक, अग्निशमन दलाचे लोक, स्वयंसेवक यांना अल्बम सापडत होते. कुणी सांगितलं नसताना त्यांनी ते बाजूला ठेवायला सुरुवात केली. खारं पाणी आणि जिवाणू फोटोवरचा जिलेटिनचा थर खात जातात, चेहरा रंगांचा ओघळ होऊन वाहून जातो. म्हणून घाई होती. शाळांच्या व्यायामशाळांत दोऱ्या बांधून, एकेक फोटो स्वच्छ पाण्यात बुडवून, ब्रशने चिखल काढून, कपडे वाळत घालावेत तसे चिमट्यांनी लावले गेले. फुजिफिल्मने फोटो कसे धुवायचे ते गावोगाव शिकवलं. रिको या कॅमेरा कंपनीच्या लोकांनी चार वर्षांत चार लाखांहून जास्त फोटो साफ करून संगणकावर चढवले आणि त्यांतले नव्वद हजारांच्या आसपास घरी परत गेले. घर नाही, गाव नाही, पण पोराचा शाळेच्या पहिल्या दिवसाचा फोटो परत. हे वाचल्यावर मी आमच्या फोनमधल्या फोटोंकडे बघितलं. हजारो होते. कागदावर एकही नव्हता. त्या आठवड्यात मी साठ छापून आणले.

आता नवं वारं वाहतंय. वीस-बावीस वर्षांच्या मुली आईच्या कप्प्यातले २००५-०६ चे छोटे कॅमेरे काढून गळ्यात घालून फिरतात. जुन्या सेन्सरचे ते जरासे उडालेले रंग, फ्लॅशने पांढरे पडलेले चेहरे त्यांना आवडतात. ‘एमोई’ म्हणतात, काळजाला हात घालणारं. दुसऱ्या टोकाला फुजिफिल्मचा एक्स १००-सिक्स किंवा रिकोचा जीआर घ्यायला मध्यंतरी पैसे असून भागत नव्हतं, सोडतीत नाव यावं लागे. अर्थतज्ज्ञ याला फॅशन म्हणतील. मी त्या मुलींना सुमिदा नदीच्या काठावर बघितलंय. फोन पिशवीत असतो. एकीने कॅमेरा उचलला की बाकीच्या हातातलं सोडून देतात आणि तिच्याकडे बघतात. फोटो कसा आला ते सगळ्या एकाच इवल्या पडद्यावर डोकी एकत्र आणून पाहतात. फोनने फोटो सहज केले म्हणून त्यांना जे मिळेनासं झालं होतं, तेच त्या शोधत आहेत असं मला त्यांच्याकडे बघून वाटतं.

पुढचा शनिवार आला. आजींनी कप्पा ओढला आणि पाचही खोकी जमिनीवर ओळीने मांडली. या वेळी त्या स्वतःहून बोलल्या. हा मुलीच्या कॉलेजच्या वेळी घेतला. हा होक्काइदोला जाताना. तिथे इतकी थंडी की बॅटरी काखेत धरून गरम करावी लागे. हा ह्यांनी मला न विचारता घेतला, मी आठवडाभर बोलले नाही. हा सांडलेल्या सूपमधून वाचला. शेवटचा एक चंदेरी इक्सी, कॅननचा, २००६ सालचा, साबणाच्या वडीएवढा. तो त्यांनी माझ्या मुलापुढे धरला, दोन्ही हातांनी, जसं इथे देतात.

“पावसात न्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “आणि खोकं टाकायचं नाही.”

मुलाने दोन्ही हातांनी घेतला आणि वाकला. बॅटरी रात्रभर चार्ज करावी लागली; ती अजून फुगली नव्हती, हे नशीब. कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान क्षमतेचं जुन्या धाटणीचं कार्ड आणलं, कारण मोठं कार्ड तो ओळखत नाही. सकाळी बटण दाबल्यावर भिंग किर्र करून बाहेर आलं आणि पडद्यावर प्रश्न: तारीख आणि वेळ भरा. आतली छोटी बॅटरी केव्हाच संपून गेली होती. मुलगा कॅमेरा घेऊन धावत वर गेला. आजींनी चष्मा लावला, आज कितवी म्हणून त्यालाच विचारलं आणि एकेक आकडा बाण दाबत स्वतः भरला.

मग त्यांनी त्याला खिडकीपाशी उभं केलं. एक फोटो काढला.

तो बघायला मी पडदा जवळ घेतला. कोऱ्या कार्डावरचा पहिलाच फोटो. दात पडलेला माझा मुलगा, मागे वाळत घातलेली आजींची ताडपत्री. कोपऱ्यात बारीक अक्षरांत फोटोचा क्रमांक होता. मला एक अपेक्षित होता.

४२१२.

कार्डं गेली, फोटो गेले, तारीख पुसली गेली होती. मोजणी कॅमेऱ्यानेच आपल्याजवळ ठेवली होती. मुलाने आजींना विचारलं, चार हजार दोनशे अकरावा कुठला?

आजींनी चष्मा काढून हातात धरला आणि जरा वेळ खिडकीबाहेर बघत आठवत राहिल्या. “बागेतली हायड्रेंजिया असेल,” त्या म्हणाल्या. “ह्यांना जूनमध्ये त्याच दिसायच्या.”